गव्हाच्या पिंपातला चहा

पोरगी चीनमधून डॉक्टर होऊन आली, तेव्हा तिच्या बॅगेत दोन स्वेटर, पुस्तकांचा ढीग आणि कागदात गुंडाळलेली एक गोवरी होती. मी तरी तिला गोवरीच म्हणतो. ताटलीएवढी गोल, काळपट, दाबून थापलेली, आणि नीट बघितलं तर मधून काड्या डोकावतायत.

"अगं, शेणी आणायला चीनला कशाला जायचं? हितं मिळतात की!" मी म्हणालो.

ती हसली नाही. "चहा आहे तो, पप्पा. बारा वर्षांचा."

बारा वर्षांचा चहा! मी एस.टी.त कंडक्टर, सव्वीस वर्षं झाली. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या स्टँडांवरचा चहा प्यालोय. सकाळचा चहा दुपारी ऊन करून कपात ओतला तर मी कँटीनवाल्याला असा झापतो की शेजारच्या गाडीतले प्रवासी खिडकीतून बघायला लागतात. आणि माझीच लेक बारा वर्षांचा शिळा चहा विमानानं घेऊन आली होती.

सहा वर्षं ती तिकडं शिकली. त्यातली दोन वर्षं कोरोनामुळं आमच्याच स्वयंपाकघरात मोबाईलसमोर बसून गेली. तिकडं ज्या म्हातारीच्या घरात ती भाड्यानं राहायची, त्या म्हातारीनं निघताना तिला दुकानात नेऊन ही चकती निवडायला लावली होती. चिनी लोक याला पु-अर म्हणतात. त्यात दोन जाती. एक ओल्या पानांचे ढीग लावून, वर कापड टाकून महिना-दोन महिन्यांत आंबवतात. दुसरी नुसती दाबून ठेवतात, ती वर्षानुवर्षं आपली आपण मुरत जाते, लोणच्यासारखी. हिनं दुसरी घेतली. म्हातारीची शिकवण अशी, की घेताना वरच्या रंगीत कागदाला भुलायचं नाही. पानं अख्खी दिसली पाहिजेत, त्यांचा चुरा नको. कुठं पांढरी बुरशी नको. वास जुन्या स्वच्छ लाकडाचा यावा, ओल धरलेल्या पोत्याचा आला तर परत ठेवायची. आणि दुकानात बसून कपभर प्यायल्याशिवाय घ्यायचीच नाही. म्हातारीनं म्हणे पाच दुकानं फिरवली. बाकी काही नाही पण हे मला पटलं. आमची आई ज्वारी घेताना असंच करायची, दाणा दाताखाली धरल्याशिवाय पोतं उचलायची नाही.

म्हातारीनं चवीपुरता थोडा चुराही वेगळा बांधून दिला होता. तो हिनं पहिल्याच रविवारी केला. पाणी चांगलं खळखळून उकळलं, पानांवर ओतलं, आणि लगेच सगळा चहा मोरीत ओतून दिला! मी उठून उभाच राहिलो.

"अगं, काय केलंस?"

"पहिलं पाणी टाकायचं असतं. धूळ निघते, पान जागं होतं."

परत पाणी ओतून दिलेला चहा मी प्यालो. दूध नाही, साखर नाही. आजोबांची लाकडी पेटी उघडल्यावर यायचा तसला वास, जिभेवर कडसर, मग घशात कुठंतरी गोड. मी स्पष्ट सांगितलं, "यात दूध घाल, साखर घाल, आलं ठेच, मग बघू." बायकोनं मला टेबलाखालून लाथ घातली.

चकती मात्र पोरीनं मोडली नाही. बाहेरच्या देशात डॉक्टरकी शिकलेल्यांना इथं एक परीक्षा द्यावी लागते, ती पास झाल्याशिवाय साधी तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. "ज्या दिवशी पास होईन, त्या दिवशी मोडायची," असं म्हणून तिनं चकती पुस्तकांच्या कपाटात ठेवली. पहिल्या खेपेला नापास झाली. बॅग भरली आणि क्लाससाठी पुण्याला गेली.

त्यानंतरच्या वैशाखात मी जे केलं, ते आमच्याच घरात होऊ शकतं.

आमच्याकडं वर्षाचे गहू भरायचं काम माझं. बायको बालवाडीत शिकवते, तिची गच्चीवर चढायची टाळाटाळ, आणि मला त्या कामाचा भारी अभिमान. वर्षभर टिकवायच्या प्रत्येक वस्तूला वैशाखाचं ऊन दाखवायचं, ही आमच्या आईची शिस्त. गहू, डाळी, मिरच्या, गाद्या, सगळं गच्चीवर. मग पिंपात भरताना थराथरांत कडुनिंबाचा पाला. सोलापूरच्या उन्हापुढं आणि कडुनिंबापुढं किड्याची काय बिशाद! तर त्या दिवशी रिकामं पोतं आणायला मी खोलीत गेलो आणि त्या चहाच्या कागदावरून एक बारीक किडा तुरूतुरू चालताना दिसला. माझं काळीजच हललं. लेकीची ठेव, आणि तिला कीड लागतेय!

मी कागद काढला. चकती गव्हाशेजारी स्वच्छ धोतरावर ठेवली. तीन दिवस कडक ऊन दाखवलं, पापड उलटावा तशी दर तासाला उलटून. मग जुन्या कापडात गुंडाळली, चारी बाजूंनी मूठ मूठ कडुनिंब लावला, गव्हाच्या पिंपात मधोमध पुरली आणि झाकण गच्च लावून वर कापड बांधलं. त्या रात्री इतकी गाढ झोप लागली मला! बापानं लेकीसाठी आणखी काय करायचं असतं?

जुलैत दुसरा निकाल लागला. चार मार्कांनी गेलं. दोन आठवडे तिनं आमचे फोन धड घेतले नाहीत. बायको देवळा-विहाराला कधी न जाणारी, पण रोज संध्याकाळी विहारात जाऊन गप्प बसायला लागली. मी प्रवाशांवर खेकसत होतो. सुट्ट्या पैशांवरून एका म्हातारीशी भांडलो आणि नंतर लाजेनं तिची पिशवी तिच्या दारापर्यंत पोचवून आलो.

मग एका दुपारी तिचा फोन आला. "पप्पा, मी सोडूनच देणार होते. पण तो चहा बारा वर्षं थांबलाय, मी अजून सहा महिने थांबते. नीट आहे ना तो?"

"हाय की!"

"ऊन नका लागू देऊ त्याला. आपल्याकडची हवा कोरडी आहे, तो सुकून मरतो, म्हणून कपाटात वाटीभर पाणी ठेवा. आणि डबाबंद करू नका. त्याला हवा लागते. वास मात्र कसलाच नको, तो सगळे वास ओढून घेतो."

 टिपून ठेवल्यासारखं तिनं एकेक सांगितलं, आणि तिनं 'नको' म्हटलेलं एकही करायचं मी सोडलं नव्हतं.

"काय काळजी करू नको!" मी म्हणालो. "एकदम झकास हाय. काय वास सुटलाय त्याला, काय रंग! घर दरवळतंय नुसतं!"

फोन ठेवला आणि पिंपाकडं पळालो. गव्हात कोपरापर्यंत हात घालून चकती बाहेर काढली. नाकाला लावली. कडुनिंब! निव्वळ कडुनिंब, आणि मागून पिठाच्या गिरणीचा वास. पानं अशी वाळली होती की बोट लावलं की कड झडत होती.

बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन करून सांगून टाका."

"आत्ता? त्या चहाच्या भरवशावर उभी राहिली ती! आता सांगितलं तर परत आडवी व्हईल."

"मग खोटं बोलत बसा," असं म्हणून ती डाळ निवडायला बसली. मला तिचा राग आला, कारण ती बरोबर होती.

मी मोबाईलवर असले चहाचे व्हिडिओ बघायला लागलो. भाषा कळायची नाही, पण माणूस काय करतोय ते कळायचं. चकती बांबूच्या टोपलीत, सावलीत, मोकळ्या हवेत. म्हणून मी ती दुरडीत घालून बाहेरच्या खोलीत ठेवली. पण आमचं घर ते! सकाळी सातला लसणाची फोडणी, दुपारी शेंगाची चटणी कुटायची, संध्याकाळी मिरच्यांचा ठसका. आठ दिवसांत चहा कडुनिंब, लसूण आणि चटणी अशा तिन्हींचा वास मारायला लागला. आणि कोरडी हवा होतीच. दमट हवा, मोकळी जागा आणि वास नाही, असं ठिकाण सोलापुरात कुठून आणायचं?

मग आठवली मोठी मेहुणी. तिचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी. चारी बाजूंनी पाणी, ऊस, केळी. पावसाळ्यात तिच्याकडचे पापडसुद्धा सादळलेले असतात, यावरून मी तिला दर वर्षी चिडवत आलोय. मी तेव्हा वेळापूर-माळशिरसच्या गाडीवर होतो. चांगला रस्ता, ओळखीचे प्रवासी, सुखाची ड्युटी. ती सोडून फुगवट्याकडची मुक्कामाची गाडी मागितली. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "लोक पाया पडून त्या गाडीवरून सुटतात, आणि तुम्ही मागताय?"

"सासुरवाडीचं काम हाय, साहेब," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मेहुणीला सगळं सांगितलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. चकती हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग कोरं मडकं काढलं. चार दिवस रोज पाणी बदलून मातीचा वास घालवला, सावलीत वाळवलं, आत चकती मलमलच्या फडक्यात उभी ठेवली आणि तोंडाला पातळ कापड बांधलं. मडकं ओल्या वाळूच्या परातीत. आता ठेवायचं कुठं? स्वयंपाकघरात चुलीचा धूर. ओसरीवर शेजाऱ्यांच्या सुकत घातलेल्या मासळीचा वास, तो तर विचारूच नका. राहिली एकच खोली, पुढची, जिथं बुद्धमूर्ती होती. तिथं सकाळ-संध्याकाळ वंदना, आणि वंदनेला अगरबत्ती.

मी चुळबुळत म्हणालो, "अक्का, ती अगरबत्ती..."

"बंद करते की," ती म्हणाली.

"अवो, असं कसं? तुमच्या वंदनेचं..."

"बुद्धाला काय वासच पायजे व्हय, दाजी? मेणबत्ती लावीन नुसती. पोरीचं काम हाय." आणि वर म्हणाली, "तुमीबी हितं आलाव की तंबाखू भाईर मळायची. लई वास येतोय तुमचा."

त्या दिवसापासून मुक्कामाला गेलो की हातपाय धुवून, तंबाखू न खाता, मी त्या मडक्यापुढं बसायचो आणि कापड सोडून वास घ्यायचो. ड्रायव्हर ओसरीवरून ओरडायचा, "झाली का पूजा? जेवायला वाढलंय!" श्रावणात कडुनिंब जसाच्या तसा. भादव्यात लसूण गेला. दसऱ्याच्या सुमारास चकतीवर पांढरा ठिपका दिसला आणि माझं धाबं दणाणलं. मेहुणीनं नव्या मऊ ब्रशनं तो अलगद झाडला, वाळू बदलून कमी ओली केली, दोन दिवस मडक्याचं तोंड उघडं ठेवलं. ठिपका परत आला नाही. दिवाळीनंतर मला पहिल्यांदा कडुनिंबाच्या मागून काहीतरी दुसरं जाणवलं. संक्रांतीच्या आसपास तर एकदा कापड सोडलं आणि जुन्या लाकडी पेटीचा वास आला. मी तिथंच बसून रडलो. चहासाठी रडणारा सोलापूर डेपोतला मी पहिलाच असणार.

इकडं फोनवर माझं सुरूच. पोरीनं विचारलं की सुटायचो, "काय रंग आलाय! काय तेज!" ती "बरं बरं" म्हणायची आणि अभ्यासाला लागायची. तिचा आवाज बरा वाटत होता. मला खातरी पटली होती की तिला मीच धरून ठेवलंय. मी आणि माझं खोटं.

संक्रांतीनंतर तिनं तिसऱ्यांदा परीक्षा दिली. पुढं काही आठवड्यांनी ती घरी आली, चपला काढल्या, पाणीसुद्धा न पिता कपाटापाशी गेली. तिथं पुस्तकं होती आणि मी वेड्यासारखी भरून ठेवलेली पाण्याची वाटी. ती वळून माझ्याकडं बघत राहिली. बायको उठून आत गेली, मला एकट्याला सोडून.

सांगितलं. ऊन, कडुनिंब, पिंप, लसूण, मेहुणी, मडकं, सगळं. सव्वीस वर्षं भरल्या गाडीत ओरडून ओरडून कमावलेला माझा आवाज, पण त्या वेळी मी कुजबुजल्यासारखा बोलत होतो.

"आत्ता कुठं आहे?" तिनं विचारलं.

"मावशीकडं."

"उद्या जाऊ."

एवढंच. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, आम्ही दोघं प्रवासी म्हणून गाडीत बसलो. टेंभुर्णीपर्यंत मी समजावून सांगत होतो, ती खिडकीबाहेर बघत होती. 

मेहुणीनं मडकं पुढ्यात आणून ठेवलं. पोरीनं कापड सोडलं, चकती दोन्ही हातांत घेतली आणि डोळे मिटून वास घेतला. मग म्हणाली, "मावशी, दाभण आहे का, पोती शिवायची?" दाभण कडेला तिरकी घालून, हलकं हलकं उचलत तिनं पानं सुटी केली, एकही पान तुटू न देता. मी बघत राहिलो. निकालाआधी ती चकती मोडत होती आणि का ते विचारायचा मला धीर होईना. मेहुणीनं चुलीवर पाणी ठेवलं, चांगलं उकळलं. पानांवर ओतलं, आणि पोरीनं पहिलं पाणी अंगणात फेकलं.

"आगं आगं!" मेहुणी ओरडली.

"धूळ जाती, अक्का," मी जाणकारासारखं सांगितलं. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ घट्ट दाबले. ते हसू होतं.

दुसरं पाणी तिनं झाकून थोडं थांबवलं आणि तीन पेल्यांत गाळलं. तांबूस, स्वच्छ. तिनं घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मी तिचं तोंड बघत होतो.

"शेवटी थोडा कडू राहिलाय," ती म्हणाली. "पण मेलेला नाही, पप्पा. चांगला आहे. खरंच चांगला आहे."

माझा जीव भांड्यात पडला. मी पेला तोंडाला लावणार, तेवढ्यात मेहुणीनं सहज विचारलं, "आन् निकाल कवा हाय गं?"

"लागला, मावशी. परवाच." ती पेल्याकडं बघत होती. "दोन मार्कांनी राहिले."

 लांब कुणाचा तरी पंप चालू होता, तो ऐकू येत राहिला. मला वाटलं, संपलं. मीच केलं हे. आधी चहा मारला, मग खोटं बोललो, आणि पोरगी त्या खोट्याच्या भरवशावर पुण्यात एकटी राबत राहिली.

"पोरी," मी म्हणालो, "माझंच चुकलं गं. तो चहा नीट राहिला असता तर..."

"चहाचा काय संबंध, पप्पा?" ती जरा चिडूनच म्हणाली. माझाच आवाज, माझाच राग. "तो कपाटात नाही हे मला जुलैपासूनच माहीत होतं."

"आईनं सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलंत की! ज्या चहाला तुम्ही शेणी म्हणालात, तो एकदम झकास? घर दरवळतंय? पप्पा, तुम्ही आईच्या पुरणपोळीला कधी झकास म्हणाला नाहीत. मला वाटलं, तुम्ही कचरा समजून फेकून दिलाय आणि आता सांगायला घाबरताय. दोन दिवस रडले मी. काल कपाट उघडलं ते तुम्ही आपणहून सांगावं म्हणून."

"मग... मग तू अभ्यास कशासाठी करत व्हतीस?"

"डॉक्टर व्हायचंय म्हणून," ती म्हणाली. "आणखी कशासाठी? चौथ्यांदाचा फॉर्मही भरलाय काल. घरी राहूनच करणार आहे. आणि हा आज प्यावासा वाटला, म्हणून मोडला."

 सात महिने मला वाटत होतं की मी तिला उचलून धरलंय. ती तर आपल्याच पायांवर चालत होती, आणि वर माझं खोटंही सांभाळून घेत होती, मला वाईट वाटू नये म्हणून. इतकी लाज आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता. मी डोळे पुसले आणि चहा प्यालो. गार झाला होता. घशात गोड लागला.

बाहेर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. मेहुणी रिकामे पेले गोळा करायला लागली आणि भांड्यातली भिजलेली पानं चुलीपलीकडं टाकायला उठली.

"टाकू नकोस, मावशी," पोरगी म्हणाली, "अजून सात-आठ वेळा निघतो तो," आणि तिनं परत चुलीवर पाणी ठेवलं.

हॉर्न पुन्हा वाजला. ड्रायव्हर ओळखीचा होता, तो माझ्यासाठी थांबला असणार. मी ओसरीवर जाऊन हातानंच त्याला जायची खूण केली आणि आत येऊन बसलो.